ब्लाउजपीस नसलेली साडी

४ नोव्हेंबर

धाकटे,

इकडे सगळे ठीक आहेत. तिकडचं विचारत नाही, कारण विचारलं तरी तू सांगणार नाहीस. फोन लावला की वाजून वाजून दमतो आणि गप्प होतो, म्हणून शेवटी कागद घेतला. तू फाडशील. पण फाडायच्या आधी वाचशील. दुसऱ्यांची पत्रं उजेडात धरून वाचणारी बाई स्वतःचं पत्र सोडते होय!

अक्षर लागलं नाही तर नवऱ्याकडून वाचून घे. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. त्यात पिकोच्या मशीनवर कागद ठेवून लिहितेय, सवयीने पाय हलतो आणि ओळ वाकडी जाते. तुझं वह्या-पेनांचं दुकान, आणि ताईला लिहायला तुझ्याकडे एक कागद निघत नाही. बरं आहे.

कामाचं बोलते. ठकीचं लग्न ठरलं. तुझ्या खांद्यावर बसून तुझ्या केसांचा लगाम करणारी ठकी आता चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. मुलगा बेकरीत आहे. हातांवर भट्टीचे चटके, बोलणं कमी, माणूस नीट. ह्यांना पसंत, मला पसंत, आणि ठकीला आमच्या कितीतरी आधीपासून पसंत, हे आम्हाला नंतर कळलं. लग्न जानेवारीच्या शेवटी आहे.

आता रेशमी साडी घ्यायची. आणि साडी आली की घडी मोडायला बहीण लागते.

आपल्या घरची रीत तुला मी सांगायला नको. नवी रेशमी साडी जिची असेल तिने आधी नेसायची नाही. आधी बहिणीने दिवसभर अंगावर वागवायची, उठायचं, बसायचं, कामं करायची, आणि ताठा मोडला की घडी घालून जिची तिला परत द्यायची. आई म्हणायची, नव्या साडीचा जाच दुसरीने सोसला की पहिलीला ती मऊ लागते. ती आणि मावशी आयुष्यभर असंच करत आल्या. आपणही केलं. तू डावखुरी, तुझी घडी उलटी पडायची, पदर आत आणि काठ बाहेर, आणि आई ओरडायची, ‘ह्या पोरीने साडी नेसली की कुस्ती खेळली?’

ठकीला बहीण नाही. एकीलाच वाढवताना माझ्या नाकी नऊ आले, दुसरीची हौस उरली नाही. म्हणजे मावशी हवी. मावशी एकच आहे आणि ती तू आहेस. त्याला मी काय करू?

माझ्यावर राग धरायचा तर धर. पोरीच्या कामाला ये.

ताई


१९ नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की माझी मशीन थांबते, आणि तो पुढे गेला की गिऱ्हाइकावर राग निघतो. काल एकीला म्हटलं, ‘अहो, तुमची साडी आज मिळणार नाही, आणि तोंड वाकडं करून उद्याही मिळणार नाही.’ बिचारी साडी न टाकताच निघाली होती, हाक मारून बोलावली.

साडी घेतली. ऐक कशी घेतली ती.

दुकान मोठं, गाद्या पांढऱ्या, वर पंखे. ठकी आत शिरतानाच म्हणाली, ‘आई, एका दिवसासाठी रेशीम कशाला? मला घाम येतो.’ म्हटलं, ‘घाम सगळ्यांना येतो. लग्नात आला की त्याला तेज म्हणतात.’

दुकानदार पोपटासारखा बोलणारा. एकेक साडी अशी फेकत होता की जणू जाळं टाकून मासे धरतोय. ‘ताई, हा रंग आता सगळ्या नेसतात.’ म्हटलं, ‘मग हिने कशाला नेसायचा?’ त्याने लगेच दुसरी काढली. ‘ही बघा, ही कुणाकडेच नाही.’ ‘का नाही? वाईट आहे का?’ तो पाणी प्यायला उठला.

मी साडी उलटी करून बघते, तुला माहीतच आहे. वरून सगळ्याच चकचकीत. उलट्या बाजूला धागे लोंबत असले की पहिल्याच दिवशी जोडव्यात अडकतात आणि मग फाटका काठ घेऊन चालावं लागतं. मी उलटी करायचे, तो सुलटी करायचा, मी पुन्हा उलटी करायचे. त्याला म्हटलं, ‘उलटी बाजू बघितल्याशिवाय मी काही घरात आणत नाही.’

ठकी म्हणाली, ‘मग बाबांना कसं आणलंस?’

‘ते बंद पाकिटात आले.’

गादीवरच्या सगळ्या बायका हसल्या. हे हसले नाहीत. ते दाराजवळ चपला राखत बसले होते, पण ऐकू सगळं जातं त्यांना.

शेवटी ठकीनेच बोट ठेवलं. डाळिंबी रंग, हिरवा काठ, अंगभर लहान बुट्टी. मी उलटी केली. एक धागा लोंबत नव्हता. दुकानदार हात जोडून म्हणाला, ‘आता तरी?’ म्हटलं, ‘थांबा. ब्लाउजपीस आहे का?’ ‘असतोच ताई.’ ‘नेहमी नसतो,’ म्हटलं.

हे तुला लागावं म्हणूनच लिहिलंय. आता सरळच लिहिते, मनात ठेवून मला पचत नाही.

तुझा पाय मोडला तेव्हा तू माझ्या घरी होतीस. काय केलं ते मी काढत नाही, बहिणीने करायचं तेच केलं. बरी होऊन गेलीस, आणि थोड्या दिवसांनी तुझ्या त्या चष्मेवाल्या शेजारणीच्या हाती साडी पाठवलीस. वांगी रंग, पिवळा काठ. मला वाटलं, पोरीला जाण आहे. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं, जे मी कुणाला दाखवलं नाही. मग उलगडून बघते तर ब्लाउजपीस कापलेला! मग तुझ्या नणंदेच्या लग्नाचा फोटो हाती आला. अंगात त्याच वांगी रेशमाचा कोरा करकरीत ब्लाउज, आणि त्यावर तुझी ती धुऊन धुऊन विटलेली जुनी साडी. म्हणजे मला द्यायचं आणि त्यातलंच कापून स्वतः मिरवायचं. बरं, मिरवायचं तर साडी तरी धड नेसायची!

शेजारीण पुन्हा इकडे आली तेव्हा मी तिच्याजवळ निरोप दिला, ‘तिला म्हणावं, ताईला देताना ब्लाउजपीससुद्धा सुटला नाही का गं तुझ्या हातून?’ त्यावर तू जे तोंड मिटलंस ते आजतागायत. खोटं बोलले का मी? खोटं असेल तर तसं लिही.

ती साडी मी कधीच नेसले नाही. वर्षातून एकदा कपाटातून काढते आणि घडी बदलून ठेवते. रेशीम एकाच घडीत पडून राहिलं की घडीवरच चिरतं. राग तुझ्यावर आहे. साडीने माझं काय वाकडं केलंय?

ताई


६ डिसेंबर

धाकटे,

तुझ्या गप्प बसण्याला आता मी जुमानत नाही. डाळिंबी साडी तुला पाठवते आहे. उत्तर दिलं नाहीस तरी पार्सल दारात येईलच. साडी घरात आल्यावर काय करायचं ते तुझ्या हातांना ठाऊक आहे.

फॉल मी स्वतः लावलाय. रात्रीपर्यंत, म्हणजे जेवणं झाली तरी बसले होते, हे म्हणाले, ‘गिऱ्हाइकाची लावतेस तशी लाव की भरभर.’ म्हटलं, ‘गिऱ्हाइकं माझ्या पोटची नसतात.’ बारीक टाका घातलाय, दिसणार नाही. दिसला तर तू चष्मा लावलास असं समजेन.

ठकीने साडी अजून अंगाला लावून बघितलेली नाही. मीच लावू दिली नाही. आरशासमोर उभी राहून नुसती खांद्यावर टाकत होती, तर हातावर चापट मारली. ‘मावशीच्या आधी नाही.’ म्हणते, ‘आणि मावशीने नेसलीच नाही तर?’ म्हटलं, ‘नेसेल.’ ‘तुझ्याशी तर बोलत नाही.’ ‘माझ्याशी नाही बोलत. साडीशी काय भांडण आहे तिचं?’ मग तिने विचारलं, ‘आई, तुला ती यायला हवी आहे का?’ म्हटलं, ‘मला सुई ओवू दे.’

एक सांगून ठेवते, नाहीतर पुन्हा गैरसमज व्हायचा. पार्सलमध्ये ब्लाउजपीस दिसणार नाही. शिंपी म्हणाला, लग्नाचा हंगाम आहे, आत्ता कापड द्या नाहीतर लग्न झाल्यावर या. म्हणून मी तो आधीच कापून त्याच्याकडे टाकला. साडी परत येईपर्यंत ब्लाउज तयार होईल. त्यामुळे साडी तेवढीच पाठवतेय, तू नेसून ती परत


७ डिसेंबर

काल पत्र तिथेच राहिलं.

साडी मांडीवर होती, पेन हातात. कापलेली कड बघत बसले. बाहेर एक बाई ‘अहो, अहो’ करत होती, तिला मी उद्या या म्हटलं. आणि मग दुकानाचं दार ओढून घेऊन घरी आले आणि कपाट उघडलं.

वांगी साडीची कड अशीच आहे. अगदी सरळ, दात न पाडता कापलेली.

तू ती मला दिलीच नव्हतीस.

तू घडी मोडायला पाठवली होतीस. पाय बरा झाला, नणंदेचं लग्न आलं, हौसेनं साडी घेतलीस, ब्लाउज शिंप्याकडे टाकलास, आणि साडी ताईकडे धाडलीस. चिठ्ठी नाही, निरोप नाही, कारण आपल्यात तो कधी द्यावाच लागला नाही. मग वाट बघितली असशील. ब्लाउज शिवून आला असेल. लग्नाचा दिवस आला, आणि साडी काही आली नाही. नवा ब्लाउज घालून त्यावर जुनी साडी नेसलीस, आणि लोकांमध्ये फोटोला उभी राहिलीस. आणि मागाहून माझा निरोप आला, ब्लाउजपीस का सुटला नाही म्हणून.

मी दिवसभर बायकांच्या साड्यांचे ब्लाउजपीस कापते, धाकटे. हाच माझा पोटाचा धंदा. आधी ब्लाउज, मग साडी, हे मी झोपेत सांगेन. तरी मला दिसलं नाही, कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की तुझी सेवा केली आणि आता त्याची परतफेड आली. परतफेडीची वाट बघणाऱ्या माणसाला प्रत्येक पुडकं आपलंच वाटतं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘मग परत दे तिला.’

‘एवढंच?’

‘मग आणखी काय? साडी तिची आहे ना?’

पुरुषांचं बरं असतं.

ठकीलाही सांगितलं. जेवता जेवता म्हणाली, ‘म्हणजे मावशी चिकट नाही.’ म्हटलं, ‘नाही.’ ‘मग मला इतकी वर्षं चिकट मावशी, चिकट मावशी का शिकवलंस?’  भांडी घासायला तिला उठू दिलं नाही, मीच घासली.

पण एक सांगते, सोडणार नाही. माझं चुकलं ते चुकलंच. तुझं तोंड काय कुणी शिवलं होतं? ‘ताई, माझी साडी परत दे,’ एवढे पाच शब्द. लहानपणी माझ्या हातातली पेन्सिल हिसकावून घ्यायला तुला कधी लाज वाटली नाही, मग तुझीच साडी मागायला कसली लाज? मी तुला दिली असती. वर चार शिव्या दिल्या असत्या, पण दिली असती.

असो. आता रडायचं नाही. तू वाचतेयस हे मला माहीत आहे, म्हणून तूही रडू नकोस. कागद ओला झाला की माझं अक्षर आणखी वाचवत नाही.


१४ डिसेंबर

धाकटे,

तुझ्या साडीची घडी मोडली.

आधी फॉल लावला. तू फॉलशिवाय पाठवली होतीस, फॉल ताई लावेल म्हणून. तेव्हाच कळायला हवं होतं. वांगी रंगाचा फॉल जुळवायला डबा उपसला. एक लाल पडत होता, एक काळा. शेवटी बसला नेमका.

मग सकाळी अंघोळ करून नेसले, काळ्या ब्लाउजवर, आणि दुकानात जाऊन बसले. रेशीम इतकी वर्षं पडून आहे ना, असं ताठ, की निऱ्या हातात राहीनात. एक सारखी केली की दुसरी रुसून बाहेर. मशीनच्या पायपट्टीत काठ जाऊ नये म्हणून दोन्ही गुडघे आवळून बसले. जिना चढताना, उतरताना साडी कुरकुरत होती. आईचं खरं आहे, जाच असतो. मी दिवसभर सोसला, तुझ्यासाठी.

आमच्या जिन्याखालच्या दुकानात रेशमी साडी नेसून पिको मारणारी बाई कुणी बघितलेली नाही. भाजीवालीने विचारलं, ‘काय हो, आज तुमचंच लग्न का?’ म्हटलं, ‘हो. नवरा तोच आहे, म्हणून कुणाला बोलावलं नाही.’ शेजारचा छत्र्या दुरुस्त करणारा उगाच दोनदा समोरून गेला. एक गिऱ्हाईक म्हणाली, ‘रंग फार शोभतो तुम्हाला.’ मी म्हटलं, ‘माझी नाही. बहिणीची आहे.’ ते म्हणताना फार बरं वाटलं. का ते मला लिहिता येत नाही.

संध्याकाळी हे दुकानाशी आले. बघत उभे राहिले. म्हणाले, ‘हीच ती?’ म्हटलं, ‘हीच.’ म्हणाले, ‘चांगली आहे. परत द्यायलाच हवी का?’ लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माणूस आज पहिल्यांदा विनोद करायला शिकला.

मग घडी घातली. सुलटी. माझी घडी नेहमी सुलटी असते.

दोन्ही साड्या एकाच पार्सलात पाठवल्यात. कुरिअरवाला म्हणाला, ‘आत काही नाजूक आहे का?’ म्हटलं, ‘साड्या धड आहेत. ज्या बाईकडे जातायत ती नाजूक आहे. दारातच हाताला दे, उंबऱ्यावर टाकू नकोस.’

वांगी तुझी. ती ठेव. नणंदेचं लग्न होऊन गेलं ते परत आणता येत नाही, हे मलाही कळतं. डाळिंबी ठकीची. ती जमली तर नेस आणि परत पाठव. नाही जमली तर तशीच पाठव. पोरगी ताठ साडी नेसून उभी राहील, मरणार नाही. मी तिला सांगितलंय, मावशीवर जबरदस्ती नाही.

तो वांगी ब्लाउज तू ठेवला असशील असं मला वाटत नाही. मी असते तर फाडून पायपुसणं केलं असतं. पण तू मी नाहीस.

ताई


११ जानेवारी

धाकटे,

तुझं पार्सल आलं.

चिठ्ठी शोधली. पार्सल उलटं केलं, झटकलं, कागदाच्या आतल्या बाजूला बघितलं. काही नाही. पेनांचं दुकान तुझं! ठकी म्हणाली, ‘आई, आधी साडी तर बघ.’

साडी काढली. पदर आत, काठ बाहेर. उलटी घडी.

मी ती तशीच मांडीवर घेऊन बसले. ठकीला काही कळेना. तिला म्हटलं, ‘नेसलीय. स्वतः नेसलीय आणि स्वतः घडी घातलीय. ही घडी दुसऱ्या कुणाला घालायची म्हटली तरी जमणार नाही.’ मग उलगडली, तर निऱ्यांच्या भागातून पेन्सिलीचं तासलेलं साल पडलं. लाकडाचं, लाल कडेचं, गोल गोल. म्हणजे तूही दुकानातच बसलीस. पोरांना पेन्सिली तासून देत, रेशमात. तुला कुणी विचारलं नाही का, आज तुमचंच लग्न का म्हणून? काय उत्तर दिलंस? माझ्यापेक्षा चांगलं दिलं असशील, तू शाळा जास्त शिकलीस.

ठकीने संध्याकाळी नेसून बघितली. म्हणाली, ‘आई, मऊ आहे गं.’ आरशासमोरून हलेना. मग म्हणाली, ‘मावशीचा वास येतोय.’ तुझा वास तिला काय आठवणार? नव्या वह्यांचा येत होता. पण मी ‘हो’ म्हटलं.

आणि तळाशी, वह्यांना घालायच्या खाकी कागदात गुंडाळलेला, तो वांगी ब्लाउज.

क्षणभर वाटलं, तोंडावर फेकलास. साडी घेतलीस, आता हाही घे, असं. मग हातात घेतला तर बोटाला टोचलं. दोन्ही कुशींना टाचण्या. नीट, सरळ रेषेत, इथपर्यंत सैल कर म्हणून. आणि बाहीलाही एक.

जाड झालीस म्हणजे! छान. मला वाटत होतं, मी एकटीच झाले.

मी लगेच उसवायला बसले. शिंप्याने शिवणीत जादा कापडाची माया भरपूर सोडली होती म्हणून निभावलं, नाहीतर तुझ्या दंडांपुढे कुणाचं काही चाललं नसतं. आतली बाजू जिथे झाकलेली होती तिथे रंग अजून पहिल्या दिवसासारखा आहे, बाहेर जरा उतरलाय. ती पट्टी आता दिसेल थोडी. दिसू दे. पदराखाली जाईल. हुक बदलले, जुने गंजले होते. ब्लाउज तयार आहे. धुतला नाही, फक्त इस्त्री केली. दुकानात खिळ्याला लावून ठेवलाय, येणारी प्रत्येक बाई विचारते कुणाचा, आणि मी सांगते.

लग्न आहे महिनाअखेरीला. तू चार दिवस आधी निघ. तुला घालून बघितल्याशिवाय मी शेवटची शिवण पक्की करणार नाही, आणि ऐन लग्नाच्या दिवशी मला मशीनवर बसवायचं नाही. वांगी साडी सोबत आण, निऱ्या मी काढून देईन, त्या तुझ्याने कधी सरळ आल्या आहेत?

ब्लाउज मात्र पाठवणार नाही. माझ्या घरातून तुझी वस्तू वेळेवर परत जात नाही, हे तुला माहीत आहे.

येऊन घेऊन जा.

ताई